कुत्र्याचं लायसन्स कुठे काढायचं? आणि ‘इमोशनल सपोर्ट डॉग’चं कार्ड खरंच चालतं का?

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी एक फोटो पडतो. लिफ्टच्या कोपऱ्यात ओलं झालेलं. खाली मेसेज: “हे कोणाच्या कुत्र्याचं काम आहे?” दहा मिनिटांत ग्रुपवर चाळीस मेसेज. कोणी म्हणतं कुत्र्यांना लिफ्टबंदी करा, कोणी म्हणतं तसं करता येत नाही. मग सेक्रेटरी विचारतात, “किती जणांनी महापालिकेचं लायसन्स काढलंय?” आणि ग्रुप एकदम शांत.

कुत्रा घरी आणताना जात, किंमत, खाणं, डॉक्टर या सगळ्याची चौकशी होते. परवान्याची बहुतेकांना आठवण होते ती भांडण झाल्यावर किंवा कुत्रा हरवल्यावर. त्यात आता एक नवीन प्रकार आला आहे. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते की आपला कुत्रा ‘सर्व्हिस डॉग’ किंवा ‘इमोशनल सपोर्ट डॉग’ म्हणून नोंदवा, कार्ड घरपोच मिळेल, मग कुठेही न्या, कोणी अडवणार नाही. यातलं काय खरं, काय खोटं आणि कोणत्या कागदाला काय किंमत आहे, ते एकेक करून पाहू.

परवाना म्हणजे नेमकं काय?

पाळीव कुत्र्याचा परवाना स्थानिक स्वराज्य संस्था देते. तुम्ही महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत राहत असाल तर ती. संपूर्ण देशात किंवा राज्यात चालेल असा कुत्र्याचा एकच परवाना नसतो. गाडीचं लायसन्स जसं पुण्यात काढून नागपुरात चालतं, तसं इथे नाही.

याची मुळं जुनी आहेत. मुंबईसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ लागू आहे. त्यातल्या कलम १९१-अ मध्ये कुत्र्यांवरच्या कराची तरतूद आहे आणि महापालिका त्याच आधारावर परवाना बंधनकारक असल्याचं सांगते. मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्यातल्या कलम १२७ मध्ये महापालिका कोणकोणते कर लावू शकते याची यादी आहे आणि त्यातही कुत्र्यांवरचा कर आहे. म्हणून जुनी माणसं आजही याला ‘कुत्र्याचा टॅक्स’ म्हणतात.

आता अर्जावर ‘श्वान परवाना’ असा शब्द असतो. फी फार नसते. ती प्रत्येक पालिका स्वतः ठरवते आणि वेळोवेळी बदलते, त्यामुळे शेजारच्या शहरातल्या मित्राने किती भरले यावरून अंदाज बांधू नका. आपल्या पालिकेच्या संकेतस्थळावरची ताजी रक्कम पाहा. परवाना कायमचा नसतो, ठरावीक मुदतीने त्याचं नूतनीकरण करावं लागतं. पावतीवर छापलेली तारीख तेवढी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

काही शहरं आता कुत्र्यांपुरती थांबलेली नाहीत. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये घरच्या मांजरांचीही नोंदणी करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला होता, पण त्यामागचं कारण कुत्र्यांच्या परवान्यामागचंच होतं: लसीकरण झालंय की नाही हे कळावं.

पण याची गरज काय?

एका शब्दात सांगायचं तर रेबीज.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांमुळे होतो. लक्षणं दिसायला लागली की हा आजार जवळपास १०० टक्के जीवघेणा ठरतो. लक्षणं दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभर तर कधी वर्षही. म्हणजे चावा विसरला जातो आणि आजार नंतर येतो. जगातल्या रेबीजच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

परवाना काढताना रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. नूतनीकरणाला पुन्हा नवीन प्रमाणपत्र. त्यामुळे परवाना हा खरं तर ‘या कुत्र्याचं लसीकरण चालू आहे’ याचा पालिकेकडचा पुरावा असतो. शहरात पाळीव कुत्री किती, कोणत्या भागात जास्त, लसीकरण शिबिर कुठे घ्यायचं, हे ठरवायला पालिकेला ही नोंद उपयोगी पडते.

लसीकरणाने फरक पडतो याचं उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने मिळून वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. रेबीजची साखळी तोडायला एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिलेली असावी लागते, असं मानलं जातं. घरातला एक कुत्रा बिनलशीचा राहिला तर तो या आकड्यातून बाहेर राहतो.

मालकाच्या बाजूनेही फायदा आहे. कुत्रा फटाक्यांना घाबरून पळाला आणि पालिकेच्या गाडीने उचलला, तर तो तुमचाच आहे हे सिद्ध करायला परवाना आणि पट्ट्याला लावलेला बिल्ला कामाला येतो. कुत्र्याच्या मालकीवरून वाद झाला, उदाहरणार्थ घटस्फोटात किंवा रूममेट वेगळे झाल्यावर, तर परवान्यावर नाव कोणाचं हा प्रश्न विचारला जातोच.

परवाना कसा काढायचा?

मुंबई आणि पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांमध्ये हे काम ऑनलाइन होतं. संकेतस्थळावर ‘श्वान परवाना’ किंवा ‘डॉग लायसन्स’ असं शोधलं की अर्ज सापडतो. छोट्या शहरात आरोग्य विभागात किंवा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज द्यावा लागतो. मुंबईत हा विषय पशुवैद्यकीय आरोग्य विभागाकडे आहे.

साधारणपणे ही कागदपत्रं तयार ठेवा:

- मालकाचं ओळखपत्र, म्हणजे आधार किंवा तत्सम
- पत्त्याचा पुरावा: लाइट बिल, मालमत्ता कराची पावती किंवा भाडेकरार
- रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, ज्यावर तारीख, लशीचा बॅच क्रमांक आणि पशुवैद्यकाचा शिक्का व नोंदणी क्रमांक आहे
- नसबंदी झाली असल्यास तिचं प्रमाणपत्र
- कुत्र्याचा स्पष्ट फोटो
- कुत्र्याची माहिती: जात, रंग, लिंग, वय आणि ओळखीची खूण

पायऱ्या सोप्या आहेत. आधी लस, मग अर्ज, मग फी, मग परवाना. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्यामुळे आणल्या दिवशीच परवाना मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील त्या तारखांना. लसीची वही हरवू नये म्हणून तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. अर्ज नाकारला जाण्याचं किंवा रखडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रमाणपत्रावरची तारीख उलटून गेलेली असणं किंवा शिक्का नीट न दिसणं.

गावठी कुत्रा असेल तर? परवाना जातीवर ठरत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या इंडी पिल्लालाही तोच अर्ज, तीच लस. जातीच्या रकान्यात ‘देशी’ किंवा ‘मिश्र’ लिहायचं. केनेल क्लबचे कागद हे कुत्र्याच्या वंशावळीचे कागद असतात, ते महापालिकेच्या परवान्याऐवजी चालत नाहीत.

पिल्लू विकत घेत असाल तर आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ‘महिन्याचं आहे, आत्ताच घेऊन जा, माया लागेल’ असं कोणी म्हणत असेल तर तिथून घेऊ नका.

शहर बदललं तर?

पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई वेगवेगळ्या. कोथरूडहून वाकडला राहायला गेलात तर अंतर थोडंच, पण पालिका बदलते. अशा वेळी नव्या पालिकेकडे नव्याने अर्ज करायचा. लसीची वही तीच चालते.

त्याच शहरात घर बदललं तर पत्ता बदलून घ्या. कुत्रा दुसऱ्याला दिला तर नव्या मालकाच्या नावाने परवाना व्हायला हवा, नाहीतर त्याने कोणाला चावा घेतला की पहिला फोन तुम्हाला येईल. कुत्रा गेला तर तेही कळवा. कुत्रा गेल्यावर हे करणं जड जातं, पण दरवर्षी नूतनीकरणाची आठवण येणं त्याहून जड.

बिल्ला आणि मायक्रोचिप: दोन्हीत फरक काय?

बिल्ला पट्ट्याला लावायचा. त्यावर क्रमांक असतो. पट्टा तुटला तर बिल्ला गेला.

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि पशुवैद्यक ती इंजेक्शनने कातडीखाली, बहुतेक वेळा दोन खांद्यांच्या मध्ये बसवतात. तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. स्कॅनर जवळ धरला की तो क्रमांक दिसतो. बरेच जण समजतात की चिप लावली म्हणजे कुत्रा कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल. तसं होत नाही. चिपमध्ये बॅटरी नसते, जीपीएस नसतं. कुत्रा सापडल्यावर तो कोणाचा हे सांगायला ती आहे, कुत्रा शोधायला नाही. आणि चिपच्या नोंदीत तुमचा जुना मोबाइल नंबर असेल तर तिचा काही उपयोग नाही.

परवाना आहे, मग सोसायटी काहीच बोलू शकत नाही?

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, कुत्र्याचा आकार किंवा जात बघून भेदभाव करता येत नाही आणि लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे घेणं योग्य नाही, असं त्यात म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये निवासी संकुलांतली पाळीव प्राण्यांना बंदी घालणारी कलमं बेकायदा ठरवली.

पण त्याच सूचनांमध्ये मालकांनाही कामं सांगितली आहेत. सार्वजनिक जागेत कुत्रा साखळीला बांधलेला असावा. त्याने घाण केली तर मालकाने ती उचलावी. लस वेळेवर द्यावी. बागेत किंवा मोकळ्या जागेत कुत्र्यांना कधी आणायचं, याच्या वेळा सोसायटी ठरवू शकते. महापालिकांच्या स्वच्छता उपविधींमध्येही पाळीव प्राण्याची घाण न उचलल्यास दंडाची तरतूद असते. म्हणजे परवाना हातात असला तरी लिफ्टमधलं ओलं पुसायचं काम मालकाचंच.

भाड्याच्या घराचं गणित थोडं वेगळं. तिथे घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला करार महत्त्वाचा. ‘बोलून झालंय’ यावर विसंबून राहू नका. लिव्ह अँड लायसन्स करारात कुत्रा ठेवायला परवानगी असल्याचं एक वाक्य घालून घ्या. अकरा महिन्यांनी नवीन करार होताना तेच वाक्य पुन्हा आहे ना, हेही बघा.

सर्व्हिस डॉग, थेरपी डॉग, इमोशनल सपोर्ट डॉग

ही तीन नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. खरं तर तिन्ही वेगळी आहेत.

सर्व्हिस डॉग: एखाद्या दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा. दृष्टिहीन व्यक्तीला रस्ता ओलांडायला मदत करणारा गाइड डॉग हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला दाराची बेल वाजल्याचं सांगणारा, फिट येण्याच्या वेळी सावध करणारा, व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली वस्तू उचलून देणारा कुत्राही यातच येतो. यामागे बऱ्याच महिन्यांचं प्रशिक्षण असतं.

थेरपी डॉग: रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा शाळेत नेला जाणारा शांत स्वभावाचा कुत्रा. तो एका व्यक्तीसाठी नसून तिथल्या सगळ्यांसाठी असतो आणि त्या संस्थेच्या परवानगीनेच आत जातो.

इमोशनल सपोर्ट डॉग: ज्याच्या सोबतीने मालकाच्या मनाला आधार मिळतो असा कुत्रा. त्याला वेगळं काम शिकवलेलं नसतं. तो जवळ असणं हीच मदत.

तिसऱ्या प्रकाराची कोणी टिंगल करू नये. नैराश्य किंवा पॅनिक अटॅकशी झगडणाऱ्या माणसाला कुत्र्यामुळे सकाळी अंथरुणातून उठायचं कारण मिळतं, हे अनेक जण अनुभवाने सांगतात. प्रश्न कायद्याचा आहे: या सोबतीमुळे वेगळे हक्क मिळतात का?

भारतात काय स्थिती आहे?

भारतात ‘इमोशनल सपोर्ट डॉग’ असा कायद्याने मान्य केलेला वर्ग नाही. त्याची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलेलं आहे, भेदभावाला मनाई आहे आणि वाजवी सोयी देण्याची जबाबदारी सांगितली आहे. पण कुत्र्याला परवाना देण्याची किंवा त्याचं कार्ड काढण्याची व्यवस्था त्यात नाही.

प्रशिक्षित गाइड डॉगसाठी काही ठिकाणी सोय आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दिव्यांग प्रवाशांसाठीच्या नियमांमध्ये अशा कुत्र्याला सोबत नेण्याचा विचार केलेला आहे. मात्र कुत्रा प्रशिक्षित हवा, लस झालेली हवी आणि विमान कंपनीला आधी कळवायला हवं.

तेव्हा एखाद्या दिव्यांग व्यक्तीला आपल्या सर्व्हिस डॉगसाठी काही मागायचं असेल तर तिची बाजू भक्कम करणारे कागद हे: स्वतःचं यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, कुत्र्याने कोणतं प्रशिक्षण घेतलं याची नोंद, लसीची वही आणि महापालिकेचा परवाना. हक्क माणसाचा असतो, कुत्र्याच्या जॅकेटचा नाही.

आणि महापालिकेचा परवाना? तो सगळ्यांना सारखाच लागतो. सर्व्हिस डॉग असो, इमोशनल सपोर्ट डॉग असो किंवा नुसताच घरातला लाडका मोती असो. रेबीजचा विषाणू या तिघांत फरक करत नाही.

मग ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून. आणि तिथेही ती जाहिरातीत दिसते तशी नाही.

अमेरिकेच्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार, ज्याला लोक ‘एडीए’ म्हणतात, सर्व्हिस डॉगला हॉटेल, दुकान, कार्यालय अशा ठिकाणी मालकासोबत जाता येतं. तिथला कर्मचारी फक्त दोन प्रश्न विचारू शकतो. हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे गरजेचा आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कार्ड किंवा प्रमाणपत्र मागता येत नाही, कारण तशी नोंदणी कायद्यात नाहीच. मात्र शहराचा सर्वसाधारण परवाना आणि लस सर्व्हिस डॉगलाही लागू आहे. म्हणजे तिथेही स्थानिक परवान्यातून सूट नाही.

इमोशनल सपोर्ट डॉग एडीएच्या व्याख्येत बसत नाही. त्याला घराच्या बाबतीत, म्हणजे ‘पाळीव प्राणी नको’ म्हणणाऱ्या भाड्याच्या घरात, काही संरक्षण मिळतं. पूर्वी विमानातही मिळायचं. पण लोक मोर, डुक्कर घेऊन विमानतळावर यायला लागले, बनावट पत्रांचा सुळसुळाट झाला आणि जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमाने विमान कंपन्यांवरचं हे बंधन काढलं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणि इथून कुत्रा तिकडे नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत आणल्या जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं वय किमान सहा महिने आणि त्याला मायक्रोचिप असणं बंधनकारक आहे. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने इथून जाणाऱ्या कुत्र्यांना जास्तीचे कागद लागतात. सर्व्हिस डॉगलाही हे नियम लागू आहेत. तिकीट काढायच्या काही महिने आधी तयारी सुरू करा.

ऑनलाइन कार्ड ओळखायचं कसं?

जाहिरातीत साधारण हे सगळं असतं: ‘राष्ट्रीय नोंदणी’ असे शब्द, सोनेरी शिक्का, क्यूआर कोड, लाल जॅकेट आणि आयुष्यभराची वैधता. कुत्र्याला कोणी तपासत नाही. मालकाशी कोणी बोलत नाही. फोटो अपलोड करा, पैसे भरा, कार्ड येईल.

असं कार्ड विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या कायद्याखाली दिलं जातं? देणारं सरकारी कार्यालय कोणतं? आणि कार्ड दाखवूनही कोणी आत घेतलं नाही तर तक्रार कुठे करायची? तिन्हींची उत्तरं नसतील तर ते फक्त छापलेलं प्लास्टिक आहे.

मनोविकारतज्ज्ञाचं पत्र ही वेगळी गोष्ट. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कुत्र्याच्या सोबतीचा फायदा होतो असं लिहून दिलं, तर घरमालकाशी किंवा सोसायटीशी बोलताना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण त्या पत्राने हॉटेलात, मॉलमध्ये किंवा विमानात प्रवेशाचा हक्क मिळत नाही.

खोट्या कार्डांमुळे नुकसान फक्त पैशांचं नाही. शिकवण न झालेला कुत्रा ‘सर्व्हिस डॉग’च्या जॅकेटमध्ये दुकानात शिरला, कोणावर भुंकला, कोणाला चावला, की पुढच्या वेळी खऱ्या गाइड डॉगसोबत आलेल्या दृष्टिहीन माणसाला दारातच थांबवलं जातं.

रेल्वेने न्यायचं असेल तर?

कुत्र्याला सोबत घेऊन बसायचं असेल तर एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्याकडे असावं लागतं. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये त्याला न्यावं लागतं. बुकिंग पार्सल कार्यालयात होतं. लसीची नोंद आणि पशुवैद्यकाने नुकतंच दिलेलं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. स्लीपर किंवा थ्री टायरमध्ये ‘सपोर्ट डॉग’चं कार्ड दाखवून कुत्रा नेता येत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याला सांभाळत असाल तर?

१० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांमध्ये याची स्पष्ट विभागणी आहे. पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मालकाची जबाबदारी. रस्त्यावरच्या कुत्र्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची. त्यामुळे रोज खायला घालता म्हणून तो कुत्रा आपोआप तुमच्या नावावर होत नाही.

महाराष्ट्रात यावरून मोठा वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत, महापालिकेकडे नोंदवावीत आणि घरी खायला घालावं. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इच्छुक प्राणीप्रेमी पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ शकतात. कुत्र्याला टॅग लावून तो दिला जाईल आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची असेल.

म्हणजे दत्तक घेणं हा कागदोपत्री निर्णय आहे. घेतलात तर परवाना काढा, लस द्या आणि शेवटपर्यंत सांभाळा. पाळलेला प्राणी सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे. त्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये इतका जुना आहे, हे खरं. पण दंड कमी आहे म्हणून गुन्हा नाही असं होत नाही.

अमुक जातीवर बंदी आहे का?

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर अशी नावं त्यात होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे परिपत्रक रद्द केलं. त्यामुळे तेव्हाची यादी आजही व्हॉट्सअॅपवर फिरत असली तरी तिच्यावरून कोणाच्या घरातला कुत्रा बेकायदा ठरवू नका. काही राज्यांनी आणि शहरांनी मात्र ठरावीक जातींबाबत स्वतःचे नियम केले आहेत, म्हणून अशी जात आणण्याआधी आपल्या पालिकेकडे चौकशी करा.

कुत्रा कोणाला चावला तर?

कोणाचाही कुत्रा असो, परवाना असो-नसो, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. ‘पाळलेला आहे, काही होत नाही’ म्हणून थांबू नका.

मालकाने लसीची वही डॉक्टरांना आणि जखमी व्यक्तीला दाखवावी. कुत्र्याला १० दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. तो आजारी पडला किंवा मेला तर लगेच कळवायचं. उपचारांचा खर्च द्यावा, माफी मागावी, पळ काढू नये.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना असल्याने यातून सुटका होत नाही. पण लस दिलेली आहे, कुत्रा साखळीला होता, नोंद आहे, हे दाखवता आलं तर निष्काळजीपणा नव्हता हे सांगायला आधार मिळतो.

थोडक्यात

- कुत्र्याचा परवाना आपल्या महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे. शहर बदललं की नवा.
- लस आधी, परवाना नंतर. दोन्हीचं नूतनीकरण वेळेवर.
- सर्व्हिस डॉग असला तरी स्थानिक परवाना लागतोच.
- भारतात इमोशनल सपोर्ट डॉगची सरकारी नोंदणी नाही. ऑनलाइन कार्डावर पैसे घालवू नका.
- सोसायटी कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही. साखळी, स्वच्छता आणि लस ही मालकाची जबाबदारी.
- चावा झाला तर १५ मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी रुग्णालय.

पुढच्या वेळी ग्रुपवर सेक्रेटरींनी लायसन्सचा विषय काढला की गप्प बसण्याऐवजी परवान्याचा फोटो टाका. आणि नसेल काढला, तर आधी लसीच्या वहीतली शेवटची तारीख बघा. सुरुवात तिथूनच होते.